फॅमिली थेरपी म्हणजे 'कौटुंबिक उपचार' का?

अर्धविराम
अडलंय. एका मानसशास्त्रज्ञ बाईंच्या माहितीपत्रकाचं मराठी करून देतेय. मूळ ओळ साधीच आहे: इंडिव्हिज्युअल, कपल आणि फॅमिली थेरपी. मी 'वैयक्तिक, दांपत्य व कौटुंबिक समुपदेशन' असं करून पाठवलं. लाल शाईत परत आलं: "समुपदेशन म्हणजे काउन्सेलिंग. मी थेरपी करते. आणि उपदेश तर मुळीच करत नाही." मग 'कौटुंबिक उपचार' लिहिलं. भावाने मागून डोकावून विचारलं, "घरगुती उपचार? लेप की काढा?"

खोडरबर
भावाचं काय चुकलं? आमचे आजोबा 'कुटुंबाला बरं नाही' म्हणायचे तेव्हा एकटी आजी आजारी असायची. कुटुंब म्हणजे बायको. 'कौटुंबिक उपचार' वाचून ते आजीला आत पाठवून स्वतः बाहेर पेपर वाचत बसले असते.

टिटवी
खोडरबर, हसले खरी, पण रोज हेच बघते. याच कामात आहे मी. घरात बिनसलेलं सगळं एकाच्या नावावर मांडलेलं असतं, बहुतेकदा पोराच्या. 'याला नीट करा' म्हणून त्याला पुढे करतात आणि आईबाप खुर्चीच्या कडेवर, उठायच्या बेतात. अशा पोराला मी 'घोषित रुग्ण' म्हणते. फॅमिली थेरपीच्या आद्य थेरपिस्टांपैकी मिनुचिन तर बैठकीत माणसांच्या जागा बदलायला लावायचे. आईबापांच्या मधे बसलेल्या पोराला उठवायचं आणि त्या दोघांना शेजारी बसवायचं. मग शेजारी बसल्यावर दोघांना बोलायला काही सुचतंय का ते बघायचं.
अर्धविराम, एक लक्षात घ्या. खोलीत किती माणसं बसली यावरून प्रकार ठरत नाही. याच क्षेत्रातल्या दुसऱ्या आद्य थेरपिस्टच्या, बोवेनच्या पद्धतीत एकट्याच माणसाबरोबर काम करूनही ती फॅमिली थेरपीच असते, कारण विचार सगळ्या घराच्या नात्यांचा चाललेला असतो. 'सहकुटुंब' वगैरे लिहू नका.

जुनाट कोश
ग्रीक 'थेरापेइया'चा अर्थ आधी सेवा, मग उपचार. आपल्याकडे तोच प्रवास केलेला शब्द आहे: शुश्रूषा. 'श्रु' धातूचं इच्छार्थक रूप. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, त्यावरून आज्ञेत राहणं, त्यावरून सेवा. ऐकून घेणं हेच ज्यांचं काम, त्यांना याहून नेमका शब्द कुठे मिळणार? 'मनःशुश्रूषा' करा.

खोडरबर
व्युत्पत्ती सुरेख. पण शुश्रूषा म्हटलं की कपाळावरच्या ओल्या पट्ट्याच दिसतात. शिवाय निम्मे लोक 'सुश्रुषा' लिहिणार आणि तुम्ही त्यांची शुद्धलेखनाची थेरपी करत बसणार.

नुसतीच वाचक
पहिल्यांदाच लिहितेय. आम्ही दोघं वर्षभर जात होतो. सासूबाईंना 'थेरपी' सांगितलं तर म्हणाल्या, "कुणाचा गुडघा?" त्यांच्या लेखी थेरपी म्हणजे फिजिओ, नाहीतर मग केमो. 'मानसोपचार' म्हटलं असतं तर गोळ्या सुरू झाल्या असं वाटून घाबरल्या असत्या. शेवटी 'काउन्सेलरकडे जातो' म्हटलं, तेव्हा 'बरं' म्हणाल्या. बाई काउन्सेलर नव्हत्या, पण घर शांत राहिलं.

टिटवी
गोळ्यांचं खरंय. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे औषध देणारे डॉक्टर, असंच रुळलंय. त्यामुळे सायकोथेरपीला 'मानसोपचार' म्हटलं की घोटाळा होतो.

अर्धविराम
आणि 'दांपत्य'? त्यालाही लाल शाई लागली आहे. लग्न न झालेलेही येतात म्हणे.

जुनाट कोश
दंपती: वैदिक 'दम' म्हणजे घर, दंपती म्हणजे घराचे दोघे धनी. लग्नाचा उल्लेख त्यात कुठे आहे?

खोडरबर
मला वाटायचं, एकमेकांना दम देतात ते दंपती. कोश, तुमचा वेद लग्नपत्रिकेपुढे टिकणार नाही. 'जोडपं' लिहा.

जुनाट कोश
थट्टा करा, पण नवे शब्द रुळतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने १९५५ साली सुरू केलेल्या 'रॅशनल थेरपी'चं नाव स्वतःच बदलत नेलं, शेवटचा बदल १९९३ चा. मराठीत मात्र 'विवेकनिष्ठ मानसोपचार' कधीचा स्थिरावलाय. 'रॅशनल'ला 'विवेक' हा तंतोतंत पर्याय नाही, तरी स्थिरावलाच ना?

नुसतीच वाचक
कुठेतरी वाचलेलं आठवलं म्हणून. ब्रॉयर आणि फ्रॉइड या व्हिएन्नाच्या डॉक्टरांच्या १८९५ च्या जर्मन पुस्तकात ॲना ओ. नावाने आलेली रुग्ण आहे. बोलून मोकळं होण्याला तिनेच 'टॉकिंग क्युअर' म्हटलं, गमतीने 'धुराडं साफ करणं'सुद्धा. आजारात तिची जर्मन सुटली होती, इंग्रजीच बोलायची. त्यांनी तिचे शब्द तसेच इंग्रजीत छापले. म्हणजे या धंद्याचं पहिलं नावच उसनं होतं, आणि तेही रुग्णाने दिलेलं!

खोडरबर
कोश, आता बोला.

जुनाट कोश
जर्मनांचं जर्मनांपाशी. धुराडं आपल्याकडेही आहे.

अर्धविराम
मंडळी, पत्रक छपाईला गेलं. 'व्यक्ती, जोडपी आणि कुटुंबांसाठी थेरपी'. दुसऱ्या पानावर 'क्लायंट' आहे. 'ग्राहक' म्हटलं की दुकान, 'अशील' म्हटलं की वकील, 'रुग्ण' बाईंना चालत नाही. काय करू?

जुनाट कोश
शुश्रूषार्थी.

खोडरबर
कोश, व्याकरणाने पाहिलं तर ऐकून घ्यायची इच्छा थेरपिस्टची. हा शब्द फीसकट त्यांनाच जायला हवा.