हँडब्रेक ‘लावणे’, ‘ओढणे’ की ‘मारणे’?

अमेरिकेतल्या फॉर्म्युला ड्रिफ्ट स्पर्धेबद्दल (गाडी मुद्दाम आडवी करून वळणं घ्यायची, तिला ड्रिफ्ट म्हणतात) मराठीत लिहून बघतोय. ‘वळणाआधी त्याने हँडब्रेक लावला’ असं लिहिलं, तर भाचा हसला. म्हणे, “मामा, गाडी पार्क केली का त्याने?” मग काय लिहू? आणि ड्रिफ्टला ‘घसरणे’ चालेल का?

—

भाच्याचं बरोबर आहे. लावणे-काढणे ही जोडी उभ्या गाडीची. ड्रिफ्टमधला हँडब्रेक ‘लागत’ नाही, म्हणजे अडकून राहत नाही. आपल्या गाडीत दांडी वर ओढली की कटकट करत दात्यांत बसते, बटण दाबल्याशिवाय खाली येत नाही. ड्रिफ्टवाले त्या बटणाचं कामच उलटं करतात. ‘स्पिन टर्न नॉब’ बसवला की हात सोडताच दांडी खाली. अडकवायची असेल तरच बटण दाबायचं. आता स्पर्धेच्या गाड्यांत गिअरजवळ उभी हायड्रॉलिक दांडी असते, ती मागच्या ब्रेकांना थेट तेलाचा दाब देते. म्हणून ‘ओढणे’ आणि ‘सोडणे’. क्लच दाबला, ओढला, मागची चाकं जाम, गाडीची शेपूट बाहेर, सोडला. बोलताना ‘मारणे’ही खपेल, ‘कट मारणे’च्या पंगतीत.

‘घसरणे’ मात्र नको. पावसात सांडलेल्या ऑइलवरून गाडी घसरते, तिथे ड्रायव्हर बिचारा असतो. ड्रिफ्टमध्ये तो गाडी घसरवतो. परीक्षक त्या ‘व’चेच गुण देतात! 2004 साली सुरू झालेल्या या स्पर्धेत लाइन, अँगल आणि स्टाइल बघतात. (यांना मार्ग, कोन, शैली म्हणता येईल, पण मग भूमितीचा तास वाटतो.) पात्रता फेरीत गाडी गर्रकन फिरली तर शून्य. तिथे ती घसरवली नाही, घसरली.

—

‘ओढणे’ आणि ‘ओढून ठेवणे’ यांतही फरक करा. वळणाच्या बाहेरच्या कडेला आखलेला झोन भरायचा तर गाडी लांबवर घसरवत न्यावी लागते. तिथे हँडब्रेकचा आधार घेतातच. पण दांडी फार वेळ धरून ठेवली की मागची चाकं फिरायची थांबतात, धूर विरतो, गाडी नुसती फरफटते. ते लगेच नजरेत भरतं आणि स्टाइलचे गुण जातात. जोडीच्या फेरीत, म्हणजे दोन गाड्या एकामागोमाग धावतात तेव्हा, मागचा ड्रायव्हर पुढच्याला धडकू नये म्हणून ओढतो, तेही समजू शकतं. पुढच्यानेच विनाकारण ओढून वेग पाडला आणि मागचा आदळला, तर दोष पुढच्याकडे जाऊ शकतो. अशा वेळी ‘हँडब्रेक ओढला’ एवढं लिहून भागणार नाही. किती वेळ आणि कशासाठी, तेही क्रियापदातच आलं पाहिजे.

—

आभार. ‘ओढला’, ‘ओढून धरला’, ‘घसरवत नेली’ असं ठरवलं. भाच्याला ‘घसरवत’ ऐकून बागेतली घसरगुंडी आठवते. त्याचं मत, सरळ ‘ड्रिफ्ट मारला’ लिहा. बहीण म्हणते ‘मारली’. घरात वाद चालू आहे.