मदत हवी आहे: श्रुतिकेची संहिता मराठीत लिहायला मोफत सॉफ्टवेअर (विंडोज)

नमस्कार मंडळी,

आम्ही नागपुरातले सहा जण मिळून श्रुतिका करतो. महाल भागातल्या एका घराची माडी, एक माइक, एक लॅपटॉप आणि ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, एवढाच संसार. सध्या मी मारबतीवर, म्हणजे आमच्याकडच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीवर, अर्ध्या तासाची श्रुतिका लिहितेय. तान्ह्या पोळ्याचा दिवस, काळी आणि पिवळी मारबत, बडगे, "घेऊन जा गे मारबत"चा गजर, आणि त्या गर्दीत आजीचा हात सुटलेला सहा वर्षांचा पोरगा. त्याला माणसांच्या पायांपलीकडे काहीच दिसत नाही. जे कळतं ते कानांनीच कळतं, म्हणून ही गोष्ट मला आवाजातच सांगायची आहे.

त्यामुळे संहितेत संवादांइतक्याच ध्वनीच्या ओळी आहेत. अडचण तिथेच आहे. मागची श्रुतिका साध्या फाइलमध्ये सलग टाइप केली होती. रेकॉर्डिंगच्या वेळी "आजीचं ते दुसरं वाक्य परत घ्या" म्हटलं की प्रत्येक जण वेगळं दुसरं वाक्य शोधायचा. मे महिना होता, माइक चालू म्हणून कूलर बंद. माडीवर त्या उकाड्यात दहा-दहा मिनिटं नुसती ओळ शोधण्यात गेली. आजीची भूमिका करणाऱ्या आमच्या काकू बहात्तर वर्षांच्या आहेत. त्यांना पुन्हा असं बसवायचं नाही.

पटकथेचं एक मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहिलं. मराठीत लिहिलेलं पात्राचं नाव त्याला नाव वाटतच नाही, वर्णन समजून डावीकडे ढकलतं. पीडीएफमध्ये "दुसऱ्या" आणि "वऱ्हाडी" हे शब्द फुटले.

मला हवंय ते असं: प्रत्येक संवादाला क्रमांक, ध्वनीच्या ओळी वेगळ्या दिसाव्यात, काकूंसाठी मोठ्या अक्षरात छापता यावं, आणि ध्वनी सांभाळणाऱ्या माझ्या मामेभावाला फक्त ध्वनींची यादी काढून देता यावी. पैसे भरायची सोय नाही.

आणखी एक. माझ्या दोन जुन्या श्रुतिका सेल्टएक्स या पटकथेच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, लॅपटॉपवर चालणाऱ्या आवृत्तीत लिहिलेल्या होत्या. तो लॅपटॉप गेला, फाइली पेनड्राइव्हवर आहेत. त्या उघडता येतील का?

प्रतिसाद १

ताई, नावाचं कोडं आधी सोडवतो. बरीच सॉफ्टवेअर फाउंटन नावाची साध्या मजकुराची पद्धत वापरतात किंवा निदान वाचतात. त्यात पूर्ण कॅपिटल अक्षरांतली ओळ म्हणजे पात्राचं नाव असा नियम आहे. देवनागरीत कॅपिटल नाहीतच, मग त्याला कळणार कसं? पण त्यावर तोडगा फाउंटनमध्येच आहे. नावाच्या आधी @ लावा: @आजी. प्रवेशाच्या शीर्षकाआधी एक टिंब द्या. ध्वनीलाही पात्रच समजून @ध्वनी लिहिता येतं.

तरी तुमच्या कामाला मी फाउंटन सुचवणार नाही. त्यात प्रवेशांना क्रमांक देता येतात, संवादांना नाही. शिवाय पटकथेच्या छपाईत सहसा कुरियर घराण्यातला फॉन्ट असतो आणि त्यात देवनागरी अक्षरं नसतात. स्टोरी आर्किटेक्ट या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओ नाटकाचा वेगळा विभाग आहे आणि डेस्कटॉपवर लिहिण्याचा मूळ भाग मोफत आहे, तो बघा. पण तीस पानं लिहिण्याआधी एक पान लिहून पीडीएफ काढा. "दुसऱ्या", "ज्ञान", "श्रुतिका" हे तीन शब्द नीट उमटले तरच पुढे जा.

प्रतिसाद २

मी पण नागपूरचाच, आणि आम्ही लिबरऑफिस रायटर या साध्या लेखनाच्या सॉफ्टवेअरवरच भागवतो. तो मोफत आहे, आणि थोडी मेहनत एकदाच घ्यावी लागते.

सेटिंगमध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार मात्र फॉन्टच्या पानावर सीटीएलच्या, म्हणजे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटच्या, रकान्यात द्यायचा असतो. वरच्या, इंग्रजीच्या रकान्यात कितीही बदल केला तरी मराठी अक्षर हलत नाही, नवख्याचे दोन तास इथेच जातात. फॉन्ट "मुक्त" नावाचा किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या.

मग एफ११ दाबून दोन पॅराग्राफ स्टाइल, म्हणजे परिच्छेदाचे ठरलेले साचे, बनवा. "संवाद": क्रमांक, पात्राचं नाव, टॅब, वाक्य, खालच्या ओळी आत सरकवलेल्या. "ध्वनी": ठळक, आणि तिची क्रमांकाची मालिका पूर्ण वेगळी, आकड्याआधी "ध्व-" असं. ध्वनीची पुढची स्टाइल "संवाद" ठेवा, म्हणजे एंटर मारल्यावर आपोआप संवादावर येता. संवादाच्या टेक्स्ट फ्लोमध्ये परिच्छेद तोडू नका हा पर्याय निवडा. वाक्याच्या मधेच पान उलटावं लागलं की कागदाचा आवाज माइकमध्ये येतोच. त्याच कारणानं एका बाजूलाच छापा आणि पिन मारू नका.

काकूंसाठी वेगळी फाइल लागत नाही. "संवाद" स्टाइलचा आकार अठरा करा, सगळे संवाद एकदम मोठे होतात. मात्र पानं बदलतात, म्हणून रेकॉर्डिंगला पान क्रमांक बोलू नका, "संवाद ४२" असंच बोला. बीबीसीच्या रेडिओ नाटकांत क्रमांक दर पानावर एकपासून सुरू होतात, पण तिथे सगळ्यांच्या हातात सारखीच प्रत असते.

प्रतिसाद ३

जुन्या सेल्टएक्स फाइली उघडतील. ती फाइल म्हणजे खरं तर झिपच असते. आधी प्रत काढा, मग नावाचा शेवटचा भाग बदलून झिप करा आणि उघडा. आत एचटीएमएल फाइल सापडेल, ती ब्राउझरमध्ये उघडून मजकूर उचला. सेल्टएक्स आता ऑनलाइन वर्गणीवर चालतं, त्यामुळे जुन्या आवृत्तीच्या मागे लागू नका.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. दोन्ही श्रुतिका मिळाल्या! दुसरीतला शेवटचा प्रवेश मी विसरूनच गेले होते, काल रात्री बसून वाचला. रायटरच्या दोन्ही स्टाइल झाल्या, काकूंनी अठराचा आकार लगेच पसंत केला. आता एकच अडलंय. फक्त ध्वनींची यादी कशी काढू?

प्रतिसाद २

शोधा आणि बदला उघडा, खालच्या पर्यायांत पॅराग्राफ स्टाइल निवडा, "ध्वनी" द्या आणि सगळे शोधा म्हणा. सगळ्या ध्वनीच्या ओळी एकदम निवडल्या जातील. कॉपी करून नव्या फाइलमध्ये टाका. मालिका वेगळी ठेवायला सांगितलं ते यासाठीच: तिथे क्रमांक पुन्हा एकपासून लागले तरी मूळ संहितेशी तंतोतंत जुळतात. छापून झाल्यावर मधेच नवा ध्वनी सुचला तर तो हाताने "ध्व-१२ अ" असा लिहा, फाइलमध्ये घुसवू नका. नाहीतर भावाच्या हातातली यादी आणि काकूंच्या हातातली संहिता वेगळी होईल.

धागाकर्ती

निघाली यादी, पहिल्याच फटक्यात. ध्व-१ "बैलांच्या घुंगरांचा आवाज, दुरून", तिथपासून सगळं सरळ जुळतंय. भाऊ आत्ताच छापायला घेऊन गेला.