मदत हवी आहे: हरणाऱ्या संघाने ड्राफ्ट पिक जपावेत की विकावेत?

एनबीए (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) बघणाऱ्यांनो, जरा डोकं लावा. ड्राफ्ट पिक म्हणजे दरवर्षी नवे खेळाडू निवडण्याचा संघाचा हक्क, जो दुसऱ्या संघाला देताही येतो. आमच्या ग्रुपवर यावरून रोज जुंपते आणि माझी बाजू लंगडी पडतेय.

माझं म्हणणं, संघ तळाला असताना पहिल्या फेरीचे पिक विकू नयेत. ब्रुकलिन नेट्सने 2013 मध्ये गार्नेट आणि पिअर्स या उतरतीला लागलेल्या दोन खेळाडूंसाठी बोस्टनला 2014, 2016, 2018 चे पिक दिले, वर 2017 च्या पिकची अदलाबदल करायचा हक्क. त्यातून बोस्टनला जेलन ब्राऊन हा खेळाडू मिळाला, आणि 2017 च्या ड्राफ्टचा पहिला क्रमांक फिलाडेल्फियाला देऊन जेसन टेटमही. नेट्सच्या हाती धुपाटणं! उलट ओक्लाहोमाने 2019 मध्ये स्टार खेळाडू पॉल जॉर्ज सोडून तरुण शाई गिल्जस-अलेक्झांडर आणि पिकांचा ढीग घेतला, 2025 ला विजेतेपद.

मित्र मात्र यूटा जॅझवर बोट ठेवतो. 2024-25 मध्ये 17 विजय, 65 पराभव, लीगमध्ये सगळ्यात वाईट. तरी लॉटरीत (ड्राफ्टमध्ये आधी कोण निवडणार हे ठरवणारी सोडत, तळाच्या संघांना जास्त संधी) पाचवा क्रमांक. पहिला गेला डॅलसला, ज्यांची शक्यता होती जेमतेम 1.8 टक्के. त्या लॉटरीत तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची शक्यता सारखीच, 14 टक्के, मग वर्षानुवर्षं हरून मिळवायचं काय? यावर मला उत्तर सुचत नाही.

तर सांगा, तरुण संघाला पिक विकून तयार खेळाडू घेण्याची योग्य वेळ कशी ओळखायची? आणि ‘टॉप-4 प्रोटेक्टेड’ पिक (पहिल्या चारात आला तर आपल्याकडेच राहणारा) देणं खरंच सुरक्षित, की नुसती मनाची समजूत? नेट्स सोडून दुसरी उदाहरणं द्या, ते तो आता ऐकूनच घेत नाही.