मदत हवी आहे: घाटात येझदी बंद पडते, उद्या सकाळी सहाला निघायचंय

खडखडाट (रात्री ८:०५)
चिपळूणला लॉजवर बसून लिहितोय, लाइट दोनदा जाऊन आलीय. पाच दिवसांची राईड, सात मोटरसायकली, सगळ्या जुन्या. माझी येझदी घाटात बंद पडते. काल आंबेनळीत तीनदा, आज कोयनानगरच्या अलीकडे एकदा. आधी जरा मिस मारते, मग दम टाकते, मग गप्प. दहा-पंधरा मिनिटं उभी केली की दुसऱ्या किकला चालू, जणू काही झालंच नाही. प्लग बदलला, कार्ब्युरेटर उघडून साफ केला. उद्या आंबा घाट चढायचाय. पोरं म्हणतायत टेम्पोत टाक. टाकणार नाही. 'मेकॅनिकला दाखवा' असले सल्ले कृपया नकोत, या पावसात रात्री आठला कोण शटर उघडणार आहे? लवकर सांगा.

स्कॅनरवाला (८:११)
येझदी अ‍ॅडव्हेंचर ना? इंजिनचा पिवळा दिवा लागतो का मीटरवर? फ्युएल पंपाचा कनेक्टर पावसात ओला झाला असेल. स्कॅनर लावून कोड वाचून घ्या, पाच मिनिटांचं काम.

खडखडाट (८:१३)
अहो जुनी येझदी. 'सगळ्या जुन्या' असं लिहिलंय वर. कसला पिवळा दिवा, माझा हेडलाइटसुद्धा त्याच्या मर्जीने लागतो.

स्कॅनरवाला (८:१४)
अ‍ॅडव्हेंचर २०२२ला आली, आता तीही जुनीच म्हणायची. मॉडेल लिहायला काय जातं?

पॉइंट_गॅप (८:२०)
बरोबर आहे त्यांचं. माहिती अर्धी द्यायची आणि वर घाई करायची. वर्ष? मॉडेल? ठिणगीसाठी जुने पॉइंट आहेत की इलेक्ट्रॉनिक सीडीआय बसवलंय? ऑइल किती घालता? धूर कसला येतो? बंद पडल्यावर प्लग काढून पाहिला का, ओला होता की कोरडा? यातलं काही सांगितल्याशिवाय देवही सांगू शकणार नाही.

खडखडाट (८:२६)
८७ची रोडकिंग. पॉइंट. ऑइल लिटरला ४० मिली. धूर नेहमीसारखाच. प्लग कोरडा होता, रंग चॉकलेटी, म्हणजे चांगलाच ना?

कॉइल_कुलकर्णी (८:३१)
कॉइल! डोळे झाकून ठिणगीची कॉइल. गरम झाली की आतलं वायंडिंग दगा देतं, थंड झाली की पुन्हा शहाणी. दहा-पंधरा मिनिटं थांबल्यावर चालू होते याचा दुसरा अर्थच नाही. मी ९४ साली खंबाटकीत रात्री अडीच तास बसलोय, बायको मागे, मुलगी टाकीवर झोपलेली. कंडेन्सर बदलला, पॉइंट घासले, काही नाही. शेवटी एका ट्रकवाल्याने ओलं फडकं कॉइलवर ठेवायला सांगितलं. ठेवलं, गाडी चालू. त्या दिवसापासून एक जादा कॉइल नेहमी डिकीत. तुमच्याकडे जादा कॉइल आहे का? नसेल तर का नाही?

खडखडाट (८:३३)
आहे. ग्रुपमध्ये दुसऱ्या एका येझदीवाल्याकडे.

कॉइल_कुलकर्णी (८:३४)
मग वाट कसली बघताय? लावा आत्ताच.

कुंझुमपार (८:४०)
कॉइल-बिईल काही नाही. उंचीचा प्रश्न आहे. आम्ही गेल्या वर्षी हिमाचलात मनाली-काझा-शिमला केलं, चार बुलेट आणि दोन येझदी. गाड्या झेलम एक्स्प्रेसने अंबाल्यापर्यंत पाठवल्या, टाकी रिकामी करून, गोणपाटात गुंडाळून. ग्राम्फूच्या पुढे येझद्यांनी जीव सोडायला सुरुवात केली. वर हवा विरळ, पेट्रोल मात्र कार्ब्युरेटरच्या जेटमधून, म्हणजे बारीक भोकातून, तेवढंच येतं, मिश्रण दाट होतं, प्लग काळाकुट्ट. मेन जेट दोन नंबर लहान टाकला, सुईची क्लिप एक खाच वर घेतली, मग कुंझुम खिंड पार केली. कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्याही खाली. सोळा हॉर्सपॉवरच्या गाडीत नऊ-दहा उरतात. आणि हो, मनालीहून निघताना टाकी आणि कॅन दोन्ही भरून घ्या, त्या रस्त्याने थेट काझापर्यंत पंप नाही. जेट बदला.

पॉइंट_गॅप (८:४६)
साहेब, ते चिपळूणला आहेत. चिपळूण. समुद्रसपाटीला. महाबळेश्वर धरलं तरी साडेतेराशे मीटर, तिथे हवा पंधरा टक्के विरळ होत असेल, जुनी गाडी एवढं पचवते. आणि प्लग चॉकलेटी आहे असं ते स्वतः सांगतायत. दाट मिश्रणात प्लग काळा आणि ओला निघाला असता. तुमचं ऐकून जेट लहान केला तर टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही कमी जाईल, मग पिस्टन धरला, म्हणजे सिलिंडरात अडकला, की त्यांना टेम्पो लागेलच.

कुंझुमपार (८:४९)
मी अनुभव सांगितला. पुस्तकी ज्ञान नको.

पॉइंट_गॅप (८:५०)
पुस्तकी? तीन रोडकिंग माझ्या हाताने उघडल्यात.

आई_काळजी_करते (८:५३)
या पावसात घाटात जुन्या गाड्या घेऊन जायचीच काय गरज? दरड कोसळली म्हणजे? माझा मुलगाही असाच आहे. सगळ्यांचे रेनकोट भडक रंगाचे आहेत ना? धुक्यात आंबोलीला मागच्या गाडीला पुढची दिसत नाही. शेवटच्या गाडीवर अनुभवी माणूस ठेवा.

खडखडाट (८:५५)
ताई, शेवटच्या गाडीवर मीच असतो. बंद पडते म्हणून.

इथेनॉल_विरोधी (९:०२)
कुणी मूळ रोगाबद्दल बोलतच नाही. पेट्रोल! आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, पावसाळ्यात टाकीच्या तळाशी ते वेगळं साचतं. ८७च्या गाडीची रबरं, वॉशर, डायफ्रॅम त्यासाठी बनलेलेच नाहीत. मी टाकीतलं पेट्रोल आधी काचेच्या बाटलीत काढून चोवीस तास ठेवतो, मगच घालतो.

स्कॅनरवाला (९:०४)
रोडकिंगमध्ये कुठला डायफ्रॅम असतो?

इथेनॉल_विरोधी (९:०५)
मी सर्वसाधारण जुन्या गाड्यांबद्दल बोलतोय.

रांगडा_करवीर (९:०९)
भावा, आंबा घाट चढून मलकापुरात पोचलास की थांब, मी येतो, माझ्याकडं राजदूत आणि रोडकिंग दोन्हीचं सामान पडलंय. पण आधी सांग, करूळ घाट चालू हाय का? आमची पोरं रविवारी उतरणार हायत.

पोफळीची_सून (९:१७)
दादा, वडिलांची येझदी क्लासिक माझ्याकडे आहे, कुंभार्ली रोजच्या रोज चढते-उतरते, म्हणून विचारते. तीन गोष्टी सांगा.
कुंभार्ली उतरताना आज एकदा तरी बंद पडली का?
ज्या-ज्या वेळी बंद पडली तेव्हा टाकीत पेट्रोल किती होतं?
आणि पावसाचं पाणी टाकीत जाऊ नये म्हणून टोपीला काही केलंय का?

खडखडाट (९:२३)
उतारावर नाही पडली. एकदाही नाही. टाकी फुल असायची, घाटाआधी टाकी फुल हा आमच्या ग्रुपचा नियम आहे, पोलादपूरला भरली, आज पाटणला भरली. टोपीचं रबर कुजलंय म्हणून खाली दुधाची पिशवी कापून लावलीय, त्यात काय, सगळेच लावतात. त्याचा काय संबंध?

पोफळीची_सून (९:३१)
तोच संबंध आहे.
टोपीला बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तसतशी त्या भोकातून हवा आत यायला हवी. तुम्ही खालून पिशवी लावून वर टोपी आवळलीत, भोक बुजलं. आता पेट्रोल जातंय आणि त्याच्या जागी काही येत नाही. आत पोकळी तयार होते, ती पेट्रोलला वरच धरून ठेवते. पाण्याने भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून उलटा धरतो ना शाळेत, तसं. कार्ब्युरेटरमधला पेट्रोल साठवणारा फ्लोट चेंबर रिकामा होतो, गाडी मिस मारते, बंद पडते. थांबलात की कुठून तरी थोडी हवा झिरपते, चेंबर भरतो, दुसऱ्या किकला चालू.
टाकी फुल असली की पेट्रोलच्या वर हवा अगदी थोडी राहते. त्यामुळे थोडंसं पेट्रोल गेलं तरी ओढ लगेच बसते. अर्धी टाकी असती तर उशिरा कळलं असतं. आणि चढावर थ्रॉटल उघडा, पेट्रोल भराभर लागतं. उतारावर लागतच नाही, म्हणून कुंभार्लीत त्रास नाही.
प्लग कोरडा, तोही याच बाजूने बोलतो.

कॉइल_कुलकर्णी (९:३५)
चढावर इंजिन जास्त गरम होतं, म्हणून कॉइलही चढावरच जाते. तुमच्या तर्काने माझंही म्हणणं सिद्ध होतं. आणि ठिणगी मेली असती तर प्लग ओला निघाला असता हे खरं, पण पंधरा मिनिटांत वाळतो तो.

पोफळीची_सून (९:३८)
हो, दोन्ही आजारांची लक्षणं सारखीच, मी नाही म्हणत नाही. म्हणून भांडायला नको, तपासू. बंद पडली की थांबून थंड होऊ देऊ नका. लगेच उतरा, टोपी उघडा. 'सूं' आवाज आला आणि टोपी सैल ठेवून पहिल्या-दुसऱ्या किकला चालू झाली तर पिशवी. आवाज नाही आला तर पेट्रोलची नळी कार्ब्युरेटरपासून काढून पाण्याच्या बाटलीत धरा, धार मंदावते का बघा. धारही चांगली असेल तर प्लग काढा, सिलिंडरला टेकवून किक मारा, ठिणगी निळी की पिवळी. नळी नीट बसवल्यावरच ठिणगी बघा, उघडं पेट्रोल जवळ नको. पिवळी निघाली तर कॉइलवाले काका जिंकले.

कॉइल_कुलकर्णी (९:४०)
निळी असली तरी एकदा बदलाच.

मुक्काम_पोस्ट (९:४४)
चिपळूणला आहात तर मच्छी खाऊन झोपा. पावसात समुद्राचे मासे कमी असतात, पण वाशिष्ठीतलं काही मिळालं तर सोडू नका.

कुंझुमपार (९:४६)
पिशवीवाला प्रकार आमच्याकडे झाला नाही, कारण स्पितीत पाऊस नसतो. तरी जेट न्यायला हरकत नाही.

घाट_उतार (१०:१२)
कुणी विचारलं नाही, पण सगळेजण चढाच्याच मागे लागलेत म्हणून लिहितो. रोडकिंगवाल्यांना उतार जास्त धोक्याचा. या गाडीत ऑइल पेट्रोलमधूनच जातं. लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून गिअरवर इंजिन ओढत नेलं की इंजिन जोरात फिरतंय आणि त्याला ऑइल मिळत नाही. मधून-मधून क्लच दाबून थ्रॉटलचा एक झटका द्यावा, दोन-तीन सेकंदांचा. आमच्या मित्राने मेढ्याच्या उताराला पिस्टन धरवला, मागचं चाक जागच्या जागी लॉक, पावसाळी रस्ता, नशीब चांगलं. १९९६ला म्हैसूरचा कारखाना बंद झाल्यावर अस्सल पिस्टन शोधायला कुठे-कुठे हिंडावं लागतं ते ठाऊकच आहे.

पॉइंट_गॅप (१०:२०)
१०० टक्के सहमत. आणि लिटरला ४० मिली बरोबर आहे. ३० मिलीवर चालवणारे शहाणे इथे येतीलच आता.

इथेनॉल_विरोधी (१०:२३)
मी ३०वर चालवतो.

पॉइंट_गॅप (१०:२३)
आलेच.

खडखडाट (दुसऱ्या दिवशी, दुपारी १२:५०)
आंब्याला चहाच्या टपरीवर आहे. सविस्तर लिहितो, रात्री चिडून बोललो त्याबद्दल माफी.
कॉइल बदलली नाही, पिशवीही मुद्दाम काढली नाही. काय ते एकदाचं कळू दे म्हटलं. संगमेश्वरला टाकी फुल केली. देवरुखच्या अलीकडे चढ लागला, तिथे मिस मारायला लागली आणि बंद. मागे दुसरी येझदी होती, त्याला म्हटलं तू साक्षीदार. हातमोजे काढले, टोपी फिरवली, जोर लावावा लागला. आणि 'सूं…' एवढा मोठा आवाज की तो तीन पावलं मागे सरकला. पिशवी टाकीच्या तोंडात आत ओढली जाऊन वाटीसारखी झाली होती, तळाला छापलेली तारीख वाचता येत होती. पिशवी काढली, टोपी ठेवली, पहिल्या किकला चालू. साखरप्यापासून आंबा घाट धुक्यात एका दमात चढलो. मी नेहमी शेवटी, आज माथ्यावर तिसरा होतो.
आता पाऊस टोपीवरून आत जातोय हा प्रश्न आहेच. तूर्त हेल्मेटच्या आतली टोपी वरून बांधलीय.

पोफळीची_सून (१:०५)
छान झालं. टोपीखाली काही नको, टोपीच्या वर प्लास्टिक ठेवा, कडा सैल सोडा, सायकलच्या ट्यूबचा पट्टा मारा. भोक उघडं राहील, पाणी बाजूने जाईल. आणि रात्री मुक्कामाला कार्ब्युरेटरचा तळाचा बोल्ट काढून पाणी आलंय का बघा, दोन दिवस रबर कुजलेलंच होतं.

कॉइल_कुलकर्णी (१:११)
अभिनंदन. परत आलात की कॉइल बदला.

रांगडा_करवीर (१:१५)
मलकापुरात उभा हाय भावा, रबराची टोपी घेऊन. आणि ते करूळचं कुणीच सांगितलं नाही.