घरे बांधणाऱ्या कंत्राटदाराने नोंदणीचे नूतनीकरण करावे का?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)
नमस्कार मंडळी. वडिलांच्या नावे सार्वजनिक बांधकाम विभागाची कंत्राटदार नोंदणी असून तिची मुदत दोन महिन्यांनी संपत आहे. गेली चार वर्षे आम्ही शासकीय काम घेतलेले नाही. आसपासच्या गावांत राहती घरे बांधतो, घरकुलेही करतो. बाबांचे गुडघे दुखत असल्याने आता साइट मीच पाहतो. नूतनीकरण करावे की नोंदणी सोडून द्यावी, आणि केल्यास ती माझ्या नावावर होईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (पुसद)
भाऊ, शेतकऱ्याचे घर त्याच्या पैशातून बांधून देण्यासाठी ही नोंदणी लागत नाही. तिथे बांधकाम परवानगी घरमालकाने काढायची असते. नोंदणी लागते ती निविदा भरण्यासाठी, मग ती शाळाखोलीची असो वा अंगणवाडीची. नावाचे म्हणाल, तर एकल मालकीची नोंदणी त्या व्यक्तीची असते, त्यामुळे नूतनीकरणाच्या अर्जात बाबांच्या जागी तुमचे नाव घालता येणार नाही. तुमच्याकडे स्थापत्यची पदविका किंवा पदवी असेल, तर सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून स्वतःची नवी नोंदणी करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

उत्तर (मेहकर, जि. बुलढाणा)
पुसदच्या दादांशी सहमत आहे, मात्र नोंदणी ठेवायचीच असेल तर फॉर्म भरण्यापेक्षा कागद जमवण्यात वेळ जातो, हे ध्यानात घ्या. ऐपत दाखला, आयकर विवरणपत्रे आणि केलेल्या कामांचे पूर्णत्वाचे दाखले आधी एकत्र करा. माझा अर्ज मागच्या वेळी परत आला तो एवढ्याशा कारणाने, की एका दाखल्यावर उपअभियंत्यांची सही आणि शिक्का दोन्ही होते, पण जावक क्रमांकाची, म्हणजे कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या कागदाच्या नोंद क्रमांकाची, जागा कोरी होती. तोवर साहेबांची बदली झालेली, त्यामुळे जुने जावक रजिस्टर शोधून नोंद मिळेपर्यंत मी दीड महिना त्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. पॅनवरील नाव आणि नोंदणीवरील नाव अक्षरशः जुळते का, तेही पाहा. ‘राव’ आणि ‘जी’ यांनी आपल्याकडे अनेकांना रडवले आहे.

उत्तर (आमगाव, जि. गोंदिया)
घरकुलांचा मुद्दा राहिला. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागासाठीचे १ लाख २० हजार रुपये हप्त्याहप्त्याने थेट लाभार्थ्याच्या खात्यात जातात, ९० दिवसांची अकुशल मजुरी रोजगार हमीतून मिळते, आणि घर लाभार्थ्याने स्वतः बांधावे, कंत्राटदार नेमू नये, असे योजनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तुम्ही तिथे गवंडीकाम करता, हे खरे असले तरी ती कामे अनुभव म्हणून दाखवण्याच्या भरीस पडू नका. चार वर्षे शासकीय काम नसेल, तर ज्या कार्यालयाने नोंदणी दिली तिथेच आधी जाऊन सध्याच्या वर्गात (किती रकमेपर्यंतची कामे घेता येतात, ती श्रेणी) नूतनीकरण होईल का, हे विचारून घ्यावे. आणखी एक गोष्ट म्हणजे तुमच्या मजुरांना बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी मागील वर्षातील ९० दिवसांच्या कामाचे प्रमाणपत्र लागते, तेव्हा हजेरीची वही नीट ठेवा. आमच्याकडे ती सिमेंटच्या पोत्याखाली सापडते.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. माझी पदविका झालेली आहे, त्यामुळे नवीन नोंदणीचाच विचार करतो. काल बाबांची फाइल काढली. तीन दाखल्यांपैकी दोनांवर जावक क्रमांक नाही.