चंद्र फुटला तर सोलापूरकरांनी काय करायचं?

सूतवाला

मंडळी, एक वाद मिटवून द्या. परवा मंगळवेढ्याकडं मित्राच्या रानात हुरड्याला गेलो होतो. आगटीभोवती बसून सगळ्यांचे हात काळे झालेले, वर चंद्र लख्ख. त्यात एकजण म्हणाला, हा फोडून टाकला तर काय होईल रे? मग जे सुरू झालं ते गाडी सोलापुरात शिरेपर्यंत चाललं. एकाचं म्हणणं, समुद्र सुटेल आणि मुंबई बुडेल. दुसऱ्यानं कुठल्यातरी व्हिडिओत बघितलेलं की दिवस सहा तासांचा होणार. तिसरा म्हणाला, आपल्याला काय फरक पडायलाय बे, समुद्र तिकडं तीनशे किलोमीटर लांब, इथं नळाला पाणी येईना. माझं डोकं सुताच्या भावात चालतं, विज्ञान दहावीलाच सुटलं. कुणी नीट सांगेल काय?

लका_बे

तिसऱ्याचं बरोबर. फक्त दिवस सहा तासांचा झाला तर कारखान्यात अवघड आहे. मालक तेवढ्या वेळात पण तेवढेच नग मागणार.

मास्तर_जुळे_सोलापूर

ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालोय, त्यामुळं उत्तर लांबेल. चहा घेऊन बसा.

आधी प्रश्न नीट लावू. चंद्र नाहीसा होणं वेगळं आणि फुटणं वेगळं. तुमच्या मित्रांचं भांडण याच घोटाळ्यातून झालंय. दोघं नाहीसा झालेल्या चंद्राबद्दल बोलत होते, प्रश्न होता फोडल्याचा.

समजा तो जादूनं, वस्तुमानासकट, गायब झाला. मुंबई बुडत नाही. भरती चंद्र आणि सूर्य दोघं मिळून आणतात, आणि सूर्याचा वाटा चंद्राच्या ४६ टक्क्यांच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण ही दोघांची बेरीज. त्यातून चंद्र वजा केला की साधारण एक तृतीयांश उरतं. मुंबईला उधाणाच्या दिवशी ओहोटीपासून भरतीपर्यंत पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढतं, ते ढोबळमानानं दीड मीटर चढेल. उधाण आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) हा फरकच राहणार नाही. भरतीची वेळही रोज पुढं सरकणार नाही. चिखलातल्या खेकड्या-शिंपल्यांचे आणि खाडीत मासे धरणाऱ्यांचे हाल होतील, पण बुडणार कुणी नाही.

सहा तासांच्या दिवसाचं. भरतीच्या पाण्याच्या घर्षणातून चंद्र पृथ्वीच्या फिरण्याला ब्रेक लावतो. त्यामुळं दिवस शंभर वर्षांत दोनेक मिलिसेकंदांनी लांबतो आणि त्या बदल्यात चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब जातो. हे अपोलो ११, १४ आणि १५ च्या अंतराळवीरांनी तिथं ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर सोडून मोजलेलं आहे. आता सपाट रस्त्यावर ब्रेकवरचा पाय काढला म्हणून गाडी आपोआप जोरात पळत नाही, आहे त्या वेगानं जाते. चंद्र मुळातच कधी नसता तर आजचा दिवस बराच लहान असता, हे खरं. व्हिडिओवाल्यानं तेच उचललं. आज काढून घेतला तर दिवस २४ तासांचाच.

राहिला पृथ्वीच्या आसाचा कल. सध्या २३.४ अंश, आणि ४१ हजार वर्षांच्या फेऱ्यात तो २२.१ ते २४.५ एवढाच हलतो, ही चंद्राची कृपा. १९९३ मध्ये फ्रान्सच्या जाक लास्कार यांनी सहकाऱ्यांबरोबर गणितानं दाखवलं की चंद्र नसेल तर हा कल ० पासून ८५ अंशांपर्यंत भरकटू शकतो. २०१२ मध्ये जॅक लिसाउअर आणि सहकाऱ्यांनी हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा भरकटणं बरंच कमी आणि फार सावकाश निघालं. गमतीसाठी ६० अंश धरा. मंगळाचा कल पूर्वी तिथपर्यंत गेलेला असावा. मग सोलापुरात डिसेंबरात भर दुपारी बाराला सूर्य क्षितिजाच्या जेमतेम १२ अंश वर असेल. आज तो ४९ अंश वर असतो. ज्वारीचं काय होईल ते मंगळवेढ्याच्या मित्राला विचारा. पण हे लाखो-कोटी वर्षांचं काम आहे, तुमच्या-माझ्या हयातीतलं नाही.

आता खरा प्रश्न, फोडणं. चंद्राचे तुकडे करून ते पुन्हा एकत्र येणार नाहीत इतके लांब उधळायचे, तर लागणारी ऊर्जा १ वर २९ शून्यं इतक्या ज्यूलच्या थोडी वर जाते. सूर्य पाचेक मिनिटांत जेवढी बाहेर टाकतो तेवढी. १९६१ मध्ये सोव्हिएत रशियानं उडवलेला सर्वांत मोठा अणुबॉम्ब, ५० मेगाटनचा, असले सुमारे ६० हजार कोटी लागतील. यापेक्षा बरंच कमी पडलं तर मोठी मजा होते: दगड उडतात, एकमेकांना ओढतात आणि हळूहळू पुन्हा गोळा होतात. चंद्र आपल्यापासून ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. पृथ्वीची ओढ ढिगाऱ्याला गोळा होऊ देत नाही अशी हद्द १८ हजार किलोमीटरच्या आसपास संपते. शनीसारखी कडी वगैरे व्हायला माल त्या हद्दीच्या आत यावा लागेल.

सगळे तुकडे धपाधप खाली पडतील असंही नाही. चंद्र सेकंदाला एक किलोमीटरनं आडवा धावतोय, त्यातला चार-पंचमांश वेग ज्या तुकड्याचा मारला जाईल तोच आपल्यावर येतो. यायला पाचेक दिवस घेतो. आदळतो मात्र सेकंदाला ११ किलोमीटरनं. बुलढाण्यातलं लोणार पाहिलंय? आपल्या पायाखाली आहे त्याच काळ्या बेसाल्टमध्ये, एकाच उल्केनं पाडलेला खड्डा, व्यास १.८ किलोमीटर.

मी रात्री बसून हिशेब केला. चंद्राचा फक्त एक टक्का माल खाली आला तर जी उष्णता निघेल ती पृथ्वीवरचे सगळे समुद्र उकळून त्यांची वाफ करायला लागणाऱ्या उष्णतेच्या दहापटीहून जास्त भरते. त्यातली बरीचशी अवकाशात निघून जाईल हे धरलं तरी काय उरणार? समुद्र तीनशे किलोमीटर लांब आहे म्हणून निवांत असलेल्या मित्राला सांगा, समुद्र इकडं येईल. वाफ होऊन.

ऊसवाला_मोहोळ

सर, ते टक्के-बिक्के राहू द्या, नुसता गायब झाला तरी आमचं अवघड आहे. मोटरची लाईट आठवड्यातून निम्म्या वेळा रात्रीची. दारं धरायला उसात जायचं तर चांदणं असलं की बांध दिसतो, वाटेवर काही आडवं पडलेलं असलं तर कळतं. अवसेच्या रात्री बॅटरी एका हातात, खोरं एका हातात, आणि लक्ष सगळं पायाकडं. रोजच अवस झाली तर काय करायचं?

मास्तर_जुळे_सोलापूर

हा मुद्दा माझ्या यादीत नव्हता. चंद्रानंतर रात्रीच्या आकाशात सर्वांत तेजस्वी शुक्र, आणि पौर्णिमेचा चंद्र त्याच्या हजारपटीहून जास्त उजेड देतो. शुक्राच्या भरवशावर दारं धरता येणार नाहीत.

सूनबाई_बाळीवेस

आमच्या सासूबाई संकष्टीला चंद्र बघितल्याशिवाय पाण्याशिवाय काही घेत नाहीत. ढग असले की पंचांगातली वेळ बघून सोडतात. चंद्रच नाही म्हटल्यावर उपवास सुटायचा कसा, असं त्यांनीच विचारायला सांगितलंय. चेष्टा नाही.

मास्तर_जुळे_सोलापूर

सासूबाईंना नमस्कार सांगा, सगळ्यात अवघड प्रश्न त्यांचाच. दाते पंचांग आपल्याच गावात निघतं, म्हणून हा सोलापूरचा खास प्रश्न समजा. पंचांगाची अंगं पाच: तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढं सरकायला लागणारा वेळ. करण त्याच्या निम्मं. नक्षत्र चंद्राचं. योग चंद्र-सूर्याच्या भोगांची, म्हणजे आकाशातल्या त्यांच्या जागेच्या अंशांची, बेरीज. म्हणजे चंद्र गेला की पाचातला वार तेवढा उरतो. अधिक महिनाही जातो, कारण तो चांद्रवर्षाच्या ३५४ दिवसांची सौरवर्षाशी सांगड घालायलाच आहे. जावई सोडून त्याचं दुःख कुणाला होईल असं वाटत नाही.

पंचांगकर्ते चंद्र डोळ्यानं बघून तिथी काढत नाहीत, गणितानं काढतात. चंद्र गेला तरी गणित पुढं चालवता येईल. आषाढीला वारकरी पंढरपुरात त्याच दिवशी येतील, आकाशात काही असो नसो. सासूबाईंनी ढगाळ रात्रीचाच नियम कायमचा लावावा. रमजान ईदला मात्र चंद्रदर्शन लागतं, तिथं विजापूर वेशीतल्या मंडळींना मौलवींकडं जावं लागेल.

सूतवाला

आणि गड्डा?

मास्तर_जुळे_सोलापूर

गड्ड्याला धक्का नाही. सिद्धेश्वरांची यात्रा संक्रांतीवर आहे आणि संक्रांत सूर्याची. नंदीध्वज जानेवारीतच निघतील. हे अर्थात चंद्र गायब झाला तर. फुटला तर काढायला कुणी नसेल.

लका_बे

सर, ग्रहण बंद होतील ना? आई ग्रहणात काही खाऊ देत नाही बे.

मास्तर_जुळे_सोलापूर

बंद. राहू-केतूही जातील. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथं छेदते ते दोन बिंदू म्हणजे राहू-केतू, वाटच नाही तर बिंदू कुठले?

पण तू खूश होऊ नकोस. १६ फेब्रुवारी १९८० ला आपल्याकडं खंडग्रास होतं, रस्ते ओस पडलेले. मी कॉलेजात होतो, घरी न सांगता रेल्वेनं रायचूर गाठलं, तिथं खग्रास होतं. दुपारी साडेतीननंतर उजेड विचित्र पिवळट झाला, मग एकदम काळोख, आणि सूर्याच्या जागी काळी चकती, भोवती पांढरी प्रभा. त्याच्याही आधी, १८ ऑगस्ट १८६८ ला, असंच खग्रास आपल्या शेजारच्या विजापूर-जमखंडीवरून गेलं होतं आणि पुढं गुंटूरला जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञानं सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट बघितला. हेलियमचा शोध त्याच वर्षीच्या वर्णपटांतून लागला. चंद्र आकारानं आणि अंतरानं बरोब्बर बसतो म्हणून हे जमतं.

भारतातून पुढचं खग्रास २० मार्च २०३४ ला, लडाख-काश्मीरच्या बाजूला. गुडघ्यांनी साथ दिली तर जाणार आहे.