जुनी इटालियन मोटारसायकल: जशीच्या तशी जपायची, की सुधारून पळवायची?

मंडेल्लोकर (धागाकर्ता)

स्पष्टच लिहितो. जुन्या इटालियन मोटारसायकली घेऊन त्यांना मखरात बसवणाऱ्यांचं आणि माझं जमत नाही. वर्षातून दोनदा चादर काढायची, ट्रेलरवर घालून मेळाव्याला न्यायची आणि "एकूणएक बोल्ट कंपनीचा आहे हां" म्हणून मिरवायचं. गाडी चालवण्यासाठी असते. आणि चालवायची तर त्या काळी जे तंत्र पिकलेलं नव्हतं ते आज बदलून घ्यावं. झोडपा आता.

माझी गाडी मोटो गुझी ८५० टी३, १९७७ ची. राहतो श्टुटगार्टजवळ. ज्यांनी गुझी पाहिली नाही त्यांच्यासाठी: ९० अंशातलं व्ही-ट्विन इंजिन, पण क्रँक गाडीच्या लांबीत बसवलेली. त्यामुळे दोन सिलिंडर टाकीखालून दोन्ही अंगांना वाऱ्यात बाहेर आलेले. चेन नाही, शाफ्ट. उभ्या गाडीत अॅक्सिलरेटर पिळला की अख्खी गाडी एका बाजूला कलते. पहिल्यांदा बसणारा दचकतोच.

मूळ इंजिन जुलिओ चेझारे कारकानोचं, १९६७ च्या व्ही७ मधलं. पुढे लीनो तोंतीने त्याला नवी फ्रेम दिली, तिच्या खालच्या नळ्या बोल्ट काढून सोडवता येतात. म्हणजे क्लचचं काम निघालं तर इंजिन खाली टेकवून वरून फ्रेमच उचलून बाजूला घ्यायची. टॅपेटसाठी (व्हॉल्व्हची फट लावायला) तर स्टूल घेऊन बाजूला बसा, झाकणाचे बोल्ट काढा, रॉकर समोर. टाकीला हात लावायची गरज नाही. इतक्या डोक्याने बांधलेली गाडी चादरीखाली ठेवणं मला पाप वाटतं.

पण दुखणी आहेतच. त्या काळच्या गुझीच्या बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) लोखंडी लायनर नसायचा, थेट अॅल्युमिनियमवर क्रोमचा मुलामा. तो वयानुसार सुटतो, पापुद्रे तेलात उतरतात आणि तेलाबरोबर क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोचतात. बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायची सोय नाही. पुढे कंपनीनेच क्रोम सोडून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा धरला. तसे सिलिंडर नव्या पिस्टनसकट गिलार्दोनी बनवते, तेही गुझीच्याच गावात, मंडेल्लो देल लारिओत. मी ते बसवून घेतले. ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन, हेडलाइटला रिले. जर्मनीत ३० वर्षांवरच्या गाडीला मिळणारी ऐतिहासिक नंबरप्लेट तरीही शाबूत आहे, कर वर्षाला ४६ युरो. मग बिघडलं कुठे?

फिलरगेज

एकच प्रश्न. क्रोम सुटलं होतं का?

मंडेल्लोकर

नाही. शाबूत होतं. सुटायची वाट बघायची का? तोवर क्रँक गेली असती.

फिलरगेज

मग बिघडलं ते इथेच.

दुखणं नसताना ऑपरेशन केलंत तुम्ही. टी३ ला तेलाचा फिल्टर आहे (तिच्या आधीच्या टी ला नुसती जाळी होती). तो सम्पच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या पॅनच्या) आत बसतो आणि पॅन उतरवल्याशिवाय हाती लागत नाही, कबूल. पण दर वेळी पॅन उतरवताना फिल्टर कापून बघितला तर आत चकाकणारं काही आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं. क्रोम धडधाकट असेल तर ते आणखी कितीतरी चालेल. इतकी वर्षं टिकलेले सिलिंडर हा पुरावा असतो, ती गाडी कशी वापरली गेली याचा. तो तुम्ही बॉक्समध्ये भरलात.

मी इंग्लंडात लेस्टरला असतो, गाडी डुकाटी ७५० जीटी. आमच्या मॉडेलचं काय झालं ते ऐका. १९७२ मध्ये इमोलाची २०० मैलांची शर्यत डुकाटीने मारली, पॉल स्मार्ट पहिला, ब्रुनो स्पाज्जारी दुसरा. त्या शर्यतीच्या गाडीवरून १९७४ मध्ये ७५० सुपर स्पोर्ट आली, जेमतेम ४०० च्या आसपास बनल्या. नंतर जगभरात ज्याला त्याला ती हवी झाली. मग साध्या जीटी घ्यायच्या, टाकी फेकायची, हँडल बदलायचं, फायबरची टाकी चढवायची, हिरवा रंग मारायचा. मालक म्हणतो "सुधारली". आज न छेडलेली जीटी शोधून सापडत नाही, आणि सुपर स्पोर्ट म्हणून विकायला येणारीचे नंबर भिंग लावून तपासावे लागतात. यातल्या प्रत्येकाने तुमच्यासारखंच म्हटलं असणार: मी चालवतोय ना, मग बिघडलं कुठे?

मंडेल्लोकर

रिले बसवणं आणि नकली सुपर स्पोर्ट बनवून विकणं एकाच तागडीत तोलताय. बाकी डेस्मोच्या (स्प्रिंगशिवाय व्हॉल्व्ह मिटवणाऱ्या यंत्रणेच्या) शिमांत, म्हणजे पातळ चकत्यांत, रविवार घालवणाऱ्यांनी माझ्या स्टुलाला हसू नये.

फिलरगेज

७५० जीटीला डेस्मो नाही, व्हॉल्व्हला स्प्रिंगाच आहेत. डेस्मो सुपर स्पोर्टला. लोक "डुकाटी म्हणजे डेस्मो" धरून चालतात म्हणून सांगतो.

रविवार मात्र जातात, खोटं कशाला बोलू. फाबियो ताल्योनीच्या या इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या बाजूने एक शाफ्ट हेडपर्यंत जातो, दोन्ही टोकांना बेव्हल गिअर. दातांची पकड शिम घालून जुळवायची. घट्ट झाली तर गाडी रडते, सैल राहिली तर खडखडते, आणि कान तयार व्हायला वेळ लागतो. शिम घाला, बसवा, हाताने फिरवा, ऐका, पुन्हा काढा. डुकाटीने स्वतःच १९७० चं दशक संपता संपता पँटाह मॉडेलमध्ये दातेरी पट्टा आणला, कारण हे काम महाग होतं. उद्या कोणी माझ्या इंजिनाला पट्टा बसवून "सुधारून" दिला तर मी घेईन का? मग ही गाडी मी घेतलीच कशाला?

पॉइंट-कंडेन्सर

मंडेल्लोकर साहेब, बाकीचं तुमचं तुम्ही बघा, पण इग्निशनवर बोलल्याशिवाय राहवत नाही. एसटीच्या वर्कशॉपात हयात गेली. पॉइंट जळाले तर काडेपेटीच्या पट्टीवर घासून, पोस्टकार्डाच्या कडेने गॅप लावून गाडी घरी आणता येते. तुमची ती काळी डबी गेली की काय करणार? टेम्पो बोलावणार.

मंडेल्लोकर

काका, काढलेली पॉइंटची प्लेट सीटखाली हत्यारांच्या पिशवीत आहे. दोन स्क्रू, दोन वायरी, परत टायमिंग लावा, चला.

पॉइंट-कंडेन्सर

म्हणजे डबीवर तुमचाही भरवसा नाही. बरं.

साडेतीनशहाणी

दोघांच्याही गाड्या महाग, म्हणून दोघांचेही वाद महाग. माझी बाजू ऐका जरा.

मी बोलोन्यात राहते. मोटो मोरिनी साडेतीन चालवते, ३४४ सीसी, १९७३ मध्ये निघालेलं मॉडेल, इथलंच. (इटलीत त्या काळी ३५० च्या आतल्या गाड्यांवर कर कमी असायचा, म्हणून या आकाराच्या इतक्या गाड्या.) फ्रांको लांबेर्तीनीचं इंजिन, व्हीचा कोन ७२ अंश, सहा गिअर. गंमत म्हणजे हेड खालून सपाट असतं, स्फोटाची जागा पिस्टनच्या माथ्यात खोदलेली. हेडचं कातकाम वाचलं, गाडी स्वस्त झाली, वर पळायलाही लागली.

ही गाडी मी हौस म्हणून घेतली नाही, परवडली म्हणून घेतली. इथे ३० वर्षांवरच्या वाहनाला रोड टॅक्स आपोआप माफ. मोटारसायकल फेडरेशनच्या ऐतिहासिक नोंदवहीत नाव घातलं की विमाही कमी पडतो. कॅमचा पट्टा वेळेवर बदलायचा, तेल बदलायचं, संपलं. मला मूळपणाचंही सोवळं नाही आणि सुधारणेचीही खाज नाही. जे तुटेल ते बदलते, जे मिळेल ते लावते. माझा मागचा इंडिकेटर कुठल्या गाडीचा आहे ते मलाच ठाऊक नाही.

फिलरगेज, राग मानू नका, पण "पुरावा" वगैरे गाडी विकण्याच्या वेळी आठवतो. बाजारभाव वाढला नसता तर किती जणांनी बोल्टांचे शिक्के तपासले असते?

फिलरगेज

बाजारभाव वाढल्याने माझं काही भलं झालेलं नाही. सुटे भाग महाग झाले एवढंच. ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या गाडीला कर आणि वार्षिक तपासणी दोन्ही माफ आहे, पण तपासणीची माफी हवी तर गेल्या ३० वर्षांत गाडीत मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे मूळपणाला कायद्यातही किंमत आहे. फक्त पैशावाल्यांचा चाळा नाही तो.

साडेतीनशहाणी

कायद्याला चेसिस-इंजिनातले मोठे फेरफार नको आहेत. बोल्टाचा शिक्का कोणी विचारत नाही.

जंगली महाराज रोड

एवढा जाच कशाला? रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर घ्या. दोन सिलिंडर, इंजेक्शन, वॉरंटी, किल्ली फिरवा आणि निघा. दिसतेही जुनी.

मंडेल्लोकर

दिसण्यासाठी घ्यायची असती तर घेतली असती हो.

लँब्रेटावाला

पुण्याहून लिहितोय. माझी लँब्रेटा, मुंबईच्या एपीआयने (ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया) इटलीच्या इनोचेंती कंपनीच्या परवान्यावर बांधलेली ली १५०. मोटारसायकल नाही, पण जात इटालियनच, त्यामुळे पंगतीला बसतो.

आमच्याकडे तर हा वाद सरकारी नियमातच येऊन बसलाय. २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, नंबरात 'व्हीए' येतं, फी २० हजार. अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको, आणि रोजच्या वापराला गाडी रस्त्यावर आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. म्हणजे मूळ ठेवा आणि चालवू नका. मला मंडईत जायचंय हिच्यावरून! म्हणून मी व्हीएच्या वाटेला गेलो नाही. जुना नंबर, पाच वर्षांनी पासिंग, आरटीओत एक अख्खा दिवस, चालायचंच.

पण फिलरगेज यांचं एक म्हणणं मला मनापासून पटतं, कारण त्याचं देशी रूप डोळ्यांनी पाहिलंय. आपल्याकडच्या जुन्या व्हेस्पा, लँब्रेटा गोळा करायच्या, गंजलेल्या पत्र्यावर पुट्टी थापायची, वर झगझगीत दोनरंगी पेंट, आणि बाहेर पाठवून द्यायच्या. तिकडच्या गिऱ्हाईकाला पुट्टीचा पोपडा पडल्यावर कळतं काय घेतलं ते. हे करणारेही स्वतःला रिस्टोअर करणारेच म्हणवतात. त्यामुळे "सुधारली" म्हटलं की माझा हात आधी चुंबकाकडे जातो. पत्र्याला लावून बघायचं, चिकटला नाही तर तिथे पुट्टी.

अडचण मात्र वेगळीच आहे. पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल. कार्ब्युरेटरमधलं जुनं रबर फुगतं, ऑइल सील नरम पडतात, महिनाभर उभी राहिली तर टाकीत पाणी धरतं. मी सगळी रबरं आणि पेट्रोलचा पाइप इथेनॉल सोसणारे टाकून घेतले. ही सुधारणा म्हणायची की नाही? न करून सांगतो कोणाला! बाकी माल बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात मिळाला तर मिळाला. परवा एक मूळ इटालियन कार्ब्युरेटर दिसला, हातात घेतला, तर मालकाने माझं तोंड बघूनच भाव दुप्पट केला.

फिलरगेज

रबराला माझा विरोध नाही. ते झिजायचंच असतं. इथेनॉलचा खरा दणका फायबरच्या टाक्यांना बसतो. जुनं रेझिन नरम पडून सगळा चिकटा कार्ब्युरेटरमध्ये उतरतो. इकडे सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलात १० टक्के असतं, ५ टक्केवालं हवं तर सुपर भरा. सुपर स्पोर्टची मूळ फायबरची टाकी असणारे त्यामुळे दोन मार्ग धरतात. आतून लेप द्यायचा, नाहीतर अॅल्युमिनियमची टाकी चढवून मूळची भिंतीवर टांगायची. दुसरा मार्ग मला मान्य आहे. मूळ भाग शाबूत राहतो आणि गाडीही चालते.

मंडेल्लोकर

अहो, मग मी तरी वेगळं काय केलं? क्रोमचे दोन्ही सिलिंडर, पिस्टन आणि रिंगांसकट, तेल लावून तळघरात ठेवलेत. कोणता डावा, कोणता उजवा, चिठ्ठीसुद्धा लावलीय. दोन दिवसांच्या कामात गाडी होती तशी होईल. ब्रेक तर मूळचेच आहेत, पायातल्या ब्रेकवर मागची डिस्क आणि पुढची एक डिस्क एकत्र लागते ती व्यवस्था. लोक ती तोडून टाकतात, मी तोडलेली नाही. ओल्या रस्त्यावर ती मला आवडते.

फिलरगेज

हे पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं. तरी माझं मत बदललेलं नाही: क्रोम शाबूत असताना हात लावायला नको होता. पण पिस्टनसकट, डावं-उजवं लिहून ठेवलंय म्हणता तर अर्धा राग गेला.

पॉइंट-कंडेन्सर

तळघरात दमट असेल तर वर्षाकाठी एकदा तेल पुसून नवं लावा. अॅल्युमिनियमवरही पांढरी भुकटी धरते.

फिलरगेज

आणि कधी विकायचे झाले तर आधी मला कळवा. इथल्या एका मित्राच्या टी३ चं क्रोम खरोखरच सुटलंय, पण त्याला क्रोमच हवंय.

मंडेल्लोकर

विकायचे नाहीत.